शाळेच्या कुस्त्यांना पंच म्हणून उभं राहायचं तर

पावसाळा लागला की तालुक्याच्या शालेय स्पर्धांच्या तारखा निघतात आणि दर वर्षी तीच रड, कुस्तीला पंच आहे का कुणी. कबड्डीला माणूस मिळतो, खो-खोला मिळतो, कुस्तीला मिळत नाही. गावोगाव जुने पैलवान आहेत पण त्यांना मॅटचे गुण माहीत नसतात, आणि क्रीडा शिक्षकांना नियम पाठ असतात पण दोन लेकरं भिडली की आपण कुठं उभं राहायचं हे कळत नाही. यंदा जे कुणी पहिल्यांदा शिट्टी गळ्यात घालणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहायलोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मराठवाड्यात शालेय कुस्तीच्या पंचाची अडचण नियमांपेक्षा जास्त प्रेक्षकांची असते. आपली माणसं मातीवर वाढलेली. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो नाहीतर लातूरला सिद्धेश्वराची, फडात एकच हिशोब, पाठ लागली तर कुस्ती, नाही लागली तर बरोबरीत सोडवली, हलगी वाजली, फेटा बांधला, विषय संपला. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार मामा १९७० ला एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं घेऊन आले, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ ला गोल्ड कोस्टला सोनं घेतलं, आणि ही दोन्ही पदकं मॅटवरची आहेत, तरी आपल्या गावात मॅटवर एखादं लेकरू ६-० नं पुढं असलं की मागून आवाज येतोच, "अरे पण पाठ कुठं लागलीय?" ह्या माणसाला तुमचा निर्णय बघून समजला पाहिजे. नुसता बरोबर असून भागत नाही, लांबून दिसला पाहिजे. खाली जे काही सांगतोय ते बहुतेक ह्यासाठीच आहे.

कागद आणि सामान

जिल्हा कुस्तीगीर संघाला भेटा, पंच शिबिर कधी आहे ते विचारा, परीक्षा द्या. राज्यात संघटनांचे वाद चालू असतात, त्यामुळं कुणाचं सर्टिफिकेट चालतंय हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारून घ्या, उगं पैसे भरून नंतर पस्तावू नका. तालुका लेव्हलला बऱ्याचदा सर्टिफिकेट कुणी बघत पण नाही, पण तुमच्याकडं असलं की वाद झाल्यावर तुमच्या शब्दाला वजन येतं.

सामान जास्त लागत नाही. शिट्टी दोन घ्या. डाव्या हाताला लाल पट्टी, उजव्या हाताला निळी, हे उलटं झालं की सगळा दिवस उलटा जातो, म्हणून घरूनच घालून बघा. कपडे साधे, खिशात पेन-किल्ल्या काही ठेवू नका कारण तुम्हाला खाली पालथं पडायचंय. बूट मॅटचे वेगळे, जे घालून चहाच्या टपरीवर गेलात तेच घालून मॅटवर चढायचं नाही. लेकरांना आपण ओरडतो आणि स्वतः चिखलाचे बूट घेऊन चढतो असं चालत नाही बरं का.

गुडघ्याला नी-कॅप घ्या. चाळिशी उलटलेली असेल तर नक्की घ्या.

सकाळी वजनाच्या वेळी

लोकांना वाटतं पंचाचं काम कुस्ती लागल्यावर सुरू होतं. तसं नाही, सकाळी काट्याजवळच अर्धं काम होतं. ४८ किलोचं लेकरू ४८.६०० भरतं आणि मग त्याचे सर त्याला जॅकेट घालून मैदानाला पळवायलेत, थुंकायला लावायलेत, पाणी पिऊ देत नाहीत. तुम्ही काही फार करू शकत नाही, पण चक्कर यायलेलं, ओठ सुकलेलं लेकरू दिसलं की डॉक्टरकडं पाठवा आणि सरांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की वरच्या गटात खेळवा. वजनाची वेळ संपली की संपली, "दोन मिनिटं थांबा की सर" म्हणणारे दर वर्षी असतात, तिथं एकदा ढील दिली की दिवसभर सगळे तेच मागतात.

तिथंच नखं बघा. हात पुढं कर म्हणायचं आणि खरंच बघायचं. कडं, बोटातली अंगठी, कानातली बाळी, गळ्यातला ताईत, कमरेचा करदोडा, सगळं काढायला लावायचं. ताईत काढायला लेकरं तयार होत नाहीत, आईनं बांधलेला असतो. रागावू नका, "सरांच्या मुठीत दे, कुस्ती झाली की परत बांध" म्हणा, लगेच देतात. अंगाला तेल लावलंय का ते हात फिरवून बघा. आणि चामडी बघा. नायटा, गजकर्ण हे तालमीत एकाला झालं की सगळ्यांना होतं, पावसाळ्यात तर जास्तच. लालसर गोल चट्टा दिसला की डॉक्टरला दाखवल्याशिवाय मॅटवर घ्यायचं नाही, मग तो कुणाचा का पोरगा असेना.

मुलींचं वजन बाईमाणसानंच घ्यायचं, खोली वेगळी पाहिजे. आयोजक हे विसरतात. आदल्या दिवशी फोन करून आठवण द्या. मुलींच्या केसातल्या लोखंडी पिना, क्लिपा काढायला लावायच्या, रबर चालतं.

गुण, जेवढे तोंडपाठ पाहिजेत तेवढे

फ्रीस्टाईलमध्ये मॅटबाहेर पाय गेला की समोरच्याला १. खालून उलटून वर आला की १. ताबा घेतला, म्हणजे मागं जाऊन खाली धरला, की २. भारंदाज मारून, म्हणजे कमरेला विळखा घालून लोळवून, पाठ मॅटकडं फिरवली की २. उभ्यातून उचलून थेट पाठीवर धोक्यात टाकला की ४, आणि मोठ्या उंचीवरून फिरवून टाकला तर ५. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती थांबली, ग्रीको रोमनमध्ये, म्हणजे कमरेखाली धरता येत नाही त्या प्रकारात, आठचा. १७ वर्षांपर्यंतच्या गटाला दोन-दोन मिनिटांचे दोन राऊंड, मोठ्यांना तीन-तीन, मधी ३० सेकंद. बरोबरी झाली तर ज्यानं मोठ्या गुणाचा डाव केला तो पुढं, ते पण सारखं असेल तर ज्याला कॉशन, म्हणजे फाऊलची ताकीद, कमी तो, ते पण सारखं तर शेवटचा गुण ज्याचा त्याची कुस्ती.

तालुक्याला एंट्र्या जास्त असल्या की आयोजक राऊंडची वेळ कमी करायला बघतात. जे काय ठरायचंय ते सकाळी सगळ्या सरांसमोर ठरवा, दुपारी नाही.

मॅटवर तिघं असतात, तुम्ही, बाजूला जज आणि टेबलाला मॅट चेअरमन. तिघातल्या दोघांचं जुळलं की गुण. तुम्ही बोटं वर केली, जजनं तेच दाखवलं, झालं. जजनं दुसरं दाखवलं तर चेअरमन ठरवणार. इथं नव्या पंचाचा इगो आडवा येतो, आपण मधी उभे होतो आपल्यालाच दिसलं असं वाटतं. खरं तर मधी उभं राहणाऱ्याला पाठीमागचं काहीच दिसत नाही, म्हणून तर जज ठेवलाय. चेअरमननं तुमच्याविरुद्ध दिलं तर तोंड वाकडं न करता गुण दाखवायचा आणि पुढं जायचं.

बोटं दाखवताना हात पूर्ण वर. छातीजवळ दोन बोटं हलवली तर टेबलाला पण दिसत नाही आणि पत्र्याच्या शेडखाली मागं उभ्या बापाला तर नाहीच. लाल पैलवानाचा गुण असला की डावा हात, निळ्याचा असला की उजवा, एक सेकंद तसाच धरून ठेवायचा. एवढं केलं की निम्मी भांडणं होतच नाहीत.

मातीची सवय मॅटवर

आपल्याकडची लेकरं आठवडाभर मातीत मेहनत करतात आणि स्पर्धेला मॅटवर येतात. तिथं ज्या गोष्टी चालतात त्यातल्या काही इथं चालत नाहीत, आणि त्या कुठल्या हे तुम्हाला माहीत असलं की पुढं काय होणार ते आधीच दिसतं.

मातीत लांग धरून, जांघिया धरून डाव मारतात. मॅटवर कपडा धरला की फाऊल. लेकरू मुद्दाम करत नाही, हात आपोआप कमरेला जातो. पहिल्यांदा हात लागला की लगेच "कपडा सोड" असं मोठ्यानं म्हणा, बहुतेक सोडतात. सोडलं नाही आणि त्याच पकडीवर डाव टाकला तर मग थांबवून कॉशन. तीन कॉशन झाले की कुस्ती गेली, हे त्याच्या सरांना माहीत असतं, त्याला नसतं.

दुसरं, मातीत मानेवर घुटना ठेवून समोरच्याला रगडतात. इथं गळा, श्वास, मान ह्याला दाब आला की क्षणात थांबवायचं. नुसतं डोकं दोन्ही हातांनी आवळलं आणि आत एक हात घेतला नाही तर ती पकड चुकीची. आणि १७ पर्यंतच्या गटांना दोन्ही काखेतून हात घालून मानेवर नेण्याची पकड, समोरून किंवा बाजूनं, पूर्ण बंद आहे. मोठ्यांच्या कुस्त्या मोबाईलवर बघून लेकरं ती करतात.

तिसरं सगळ्यात वादाचं. मातीत पैलवान समोरच्याला घेऊन स्वतःच्या पाठीवरून बिनधास्त लोळतो, कारण तिथं क्षणभर पाठ टेकली तर कुणी बघत नाही, शेवटी वर कोण आलं ते बघतात. मॅटवर डाव टाकताना स्वतःचेच दोन्ही खांदे टेकले तर समोरच्याला २. म्हणजे लेकरू डाव टाकतं, वर येतं, हात वर करून नाचतं, आणि तुम्ही गुण समोरच्याला देताय. आता सगळा फड तुमच्यावर. इथं गडबड करू नका. हात वर ठेवा, जजकडं बघा, चेअरमनचं येऊ द्या, आणि कुस्ती थांबली असेल तर दुसऱ्या हातानं स्वतःच्या खांद्यावर थाप मारून दाखवा. नियमाच्या पुस्तकात अशी खूण नाही पण आपल्याकडं लोकांना ती कळते आणि चेअरमन काही म्हणत नाहीत.

चितपट

ह्याच्यावर जास्त लिहितो कारण सगळं इथंच फाटतं. २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत चितपटीच्या निर्णयावरून पंचाला लाथ बसली, सगळ्यांनी मोबाईलवर बघितलंय. तिथं राज्यभरातले अनुभवी लोक होते, कॅमेरे होते. तुमच्या तालुक्याच्या स्पर्धेत कॅमेरा नसणार, स्पंज फेकून अपील करायची सोय नसणार, एकदा मॅटवर हात आपटला की तो परत घेता येत नाही.

चितपट म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला आणि वरच्याचा पूर्ण ताबा, एवढा की तुम्हाला ते थांबलेलं दिसलं पाहिजे. घसरत जाताना टेकून गेले तर ती चितपट नाही, त्याचे फक्त गुण.

बघायचं कसं? उभं राहून दिसत नाही. खांदा आणि मॅट ह्यांच्यातली फट उभ्या माणसाला दिसतच नाही, वरच्याची छाती आडवी येते. पाठ मॅटकडं वळायला लागली की पटकन डोक्याच्या बाजूला जायचं, पायाच्या बाजूला नाही, आणि गाल मॅटला लागेल इतकं खाली जायचं. लांबच्या खांद्याकडं बघायचं. जवळचा खांदा टेकलेला असतोच, भांडण नेहमी लांबच्या खांद्याचं असतं. खालचं लेकरू ब्रिज करून, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान करून, मान ताणून धरतं, त्याच्या खांद्याखाली बोटभर उजेड दिसत असतो. तो उजेड गेला की मनात "एक" म्हणा, पण हात लगेच आपटू नका, मान वर करून जजकडं किंवा चेअरमनकडं बघा, त्यांनी होकार दिला की मग मॅटवर हात आणि शिट्टी. ह्याला एक सेकंद जातो. तेवढ्यात लेकरू सुटलं तर सुटलं, मग ती चितपट नव्हतीच.

खाली पडताना दोघांच्या पायात सापडू नका. खालचं लेकरू पाय झाडतं, टाच सरळ तोंडावर बसते. थोडं तिरकं, हातभर अंतर ठेवून.

आणि लोकांचा ओरडा ऐकून हात आपटायचा नाही. "लागली लागली लागली" असं सगळा फड ओरडत असतो. त्यातल्या एकालाही तुमच्याएवढं जवळून दिसत नाही.

खेळत नसतील तर

खडाखडी करत दोघं डोक्याला डोकं लावून उभी असली की लोकांना कंटाळा येतो आणि पंचाला घाम फुटतो. आधी तोंडी "खेळ, लाल" म्हणायचं. ऐकलं नाही तर नावानिशी ताकीद. परत तेच तर ३० सेकंदाची मुदत द्यायची, त्यात कुणीच गुण केला नाही तर समोरच्याला १. एवढंच. पण कुणाला ताकीद द्यायची हे ठरवताना फसू नका, जो जोरात ढकलतोय तो खेळतोय असं नसतं. पट काढायला, म्हणजे पाय धरायला, खाली कोण जातंय ते बघा. खोटं खोटं खाली जाऊन परत येणारे पण असतात, दुसऱ्यांदा कळतंच.

लागलं, रक्त आलं

कोपर उलट्या दिशेला जायला लागलं की शिट्टी. गुण द्यायचा राहिला तरी चालेल, तो नंतर तिघं मिळून बघता येतो. उचलून डोक्यावर आपटायची चिन्हं दिसली की हात घालून मान धरायची, कुणी नावं ठेवत नाही. रक्त आलं तर थांबवा, एका लेकराला पूर्ण कुस्तीत मिळून चार मिनिटं मिळतात, घड्याळ टेबलाकडं. खेळू शकतो की नाही हे डॉक्टर ठरवणार, सर नाही, बाप नाही आणि तुम्ही पण नाही. डॉक्टर आला नसेल तर स्पर्धा सुरू करू नका. आयोजक म्हणतील येतोय, रस्त्यात आहे. येऊ द्या मग.

मॅटच्या तुकड्यांच्या सांध्यात बोट जातं का बघा, जात असेल तर चिकटपट्टी मारायला लावा. शेड गळत असेल तर पुसायला माणूस पाहिजे. ओल्या मॅटवर गुडघा फिरतो आणि लेकराचं वर्ष जातं.

सर, बाप, आणि पुढारी

ह्या कुस्त्या दिसतात छोट्या पण त्याच्यामागं बरंच काही असतं. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि सुरुवात ह्याच तालुक्याच्या मॅटवरून होते. शेतातलं काम टाकून, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून बाप आलेला असतो. तो ओरडणारच. त्याला ओरडू द्या, उत्तर देऊ नका. मॅटच्या कडेला आला तर मात्र कुस्ती थांबवून आयोजकांना सांगा, स्वतः हात लावायला जाऊ नका.

सर लोकांशी नीट बोला पण कुस्ती चालू असताना नाही. "सर, कुस्ती झाल्यावर टेबलाजवळ या" एवढं एकच वाक्य. आणि आपल्या शाळेच्या, आपल्या तालमीच्या लेकराच्या कुस्तीला उभं राहायचं नाही. तालुक्याला पंच कमी असतात म्हणून लोक उभे राहतात, तसं करू नका, दुसऱ्याशी अदलाबदल करा. तुम्ही कितीही खरं दिलं तरी हरलेल्याला ते कधीच खरं वाटणार नाही. जेवण पण शक्यतो आयोजकांकडं घ्या, एखाद्या शाळेच्या सरांच्या गाडीतून येणं-जाणं टाळा, गावात दिसतं सगळं.

एखादा पुढारी मधीच उद्घाटनाला येतो आणि चालू कुस्ती थांबवायला सांगतात. राऊंड संपेपर्यंत थांबा म्हणायचं. थांबतात, त्यांना पण फोटोच काढायचा असतो.

यूट्यूबवर शिकताना

हायस्कूल रेसलिंगचा पंच म्हणून शोधलं की सगळे अमेरिकेतले व्हिडिओ येतात. ते बघा पण गुण तिथले शिकू नका. त्यांच्या शाळांत फोकस्टाईल नावाचा वेगळाच प्रकार चालतो, दोन मिनिटांचे तीन राऊंड, पंचाच्या मनगटाला लाल आणि हिरवी पट्टी, खाली धरून ठेवण्याला तिथं फार किंमत. आपल्याशी जुळत नाही. पण पंच पळतो कसा, खाली कधी जातो, मॅटच्या कडेला आला की कुठं उभा राहतो, हे आवाज बंद करून बघण्यासारखं आहे. त्यांच्याकडं बऱ्याचदा एकच पंच सगळं सांभाळतो, त्यामुळं पाय कसे चालवायचे हे त्यांना चांगलं येतं.

मग करायचं कशाला

मानधन फार नसतं आणि कधी मिळेल ते आयोजकांच्या मनावर. शिव्या फुकट. तरी जुने लोक का येतात? एक तर खेळ सुटत नाही. अंग थकलेलं असतं, गुडघे गेलेले असतात, तरी मॅटवर पाय ठेवला की ढाक टाकताना कंबर कशी आत गेली हे हातभरावरून बघायला मिळतं, तेवढ्या जवळून तर वस्ताद पण बघत नाही. हडकुळं लेकरू पहिल्या राऊंडला ०-६ नं मागं असतं, नाक पुसतं, दुसऱ्या राऊंडला एकदम एकेरी पट काढून उचलतं आणि सगळं उलटं होतं, तेव्हा तुम्ही तोंड दगडासारखं ठेवून चार बोटं वर करता आणि आतून मात्र तुमचीच कुस्ती झालेली असते. हरलेलं लेकरू रडत येऊन हात मिळवतं आणि वाकून पाया पडतं. त्याच्या बापानं मघाशी तुमची आई काढलेली असते.

मुलींच्या कुस्त्यांना तर पंचांची फारच वानवा आहे. तालमीतून आलेल्या, आता शिक्षिका झालेल्या, पोलिसात असलेल्या बाया आहेत आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात, त्यांनी यावं. मुली मातीची सवय घेऊन कमी येतात, सरळ मॅटवरच शिकतात, त्यामुळं त्यांच्या कुस्त्या नियमाला धरून असतात आणि नव्या पंचाला शिकायला सोप्या जातात. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी मुलींच्या आणि १४ वर्षांखालच्या कुस्त्या मागून घ्या. मोठ्या मुलांच्या फायनलला जज म्हणून बसा, मधी उभे राहू नका.

आणि आदल्या रात्री ती लाल-निळी पट्टी हाताला बांधून आरशासमोर उभं राहा, घरच्या कुणाला तरी "लाल दोन, निळा एक, लाल चार" असं पटापट म्हणायला सांगा. हसतील, हसू द्या. डावा-उजवा गोंधळ थांबेपर्यंत करा.